पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, पुढे काय? संशोधक विद्यार्थ्यांसाठी आवश्यक कौशल्ये

आपल्या समाजातील तरुण-तरुणी आज मोठ्या संख्येने पीएच.डी.साठी नोंदणी करीत आहेत. त्यातील बरेच जण घरातील पहिलेच पदवीधर असतात. नेट-सेटची तयारी, पेटची प्रश्नपत्रिका, मुलाखत यांविषयी मार्गदर्शन आता गावोगावी मिळते. मात्र नोंदणीचे पत्र हातात पडल्यानंतरची चार-पाच वर्षे कशी काढायची, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. ज्यांच्या घरात आधीच प्राध्यापक असतात, त्यांना या गोष्टी जेवताना-बसताना कळतात. आपल्या मुलांना त्या ठेचा खाऊन शिकाव्या लागतात आणि त्यात वर्षे जातात. काही जण प्रबंध अर्धवट सोडतात. ते हुशार नसतात असे मुळीच नाही. संशोधन हे एक काम आहे आणि त्या कामाची काही कौशल्ये आहेत, हे त्यांना वेळेवर कळलेले नसते. ती कौशल्ये आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

१. नियम स्वतः वाचा

पहिले कौशल्य म्हणजे आपल्याला लागू असलेले नियम माहीत असणे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य बाबी अशा :

- कोर्सवर्क धरून किमान कालावधी ३ वर्षे व कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात.
- महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. महिलांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते.
- लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला गाव बदलावे लागले, तर नियमातील अटींवर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येते. लग्न झाले म्हणून पीएच.डी. सोडावीच लागते, हा समज चुकीचा आहे.
- कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचे असते. त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात.
- प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते. दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडायची असते.
- एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ व सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात.

या नियमांवर आधारित प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश असतो. तो मिळवून त्याची छापील प्रत जवळ ठेवा. 'असे चालत नाही' असे खिडकीवर कोणी सांगितले, तर 'कोणत्या कलमानुसार?' एवढे नम्रपणे विचारता आले पाहिजे. नोंदणीचे पत्र, शुल्काच्या पावत्या, प्रगती अहवालांच्या पोच यांची एक फाईल पहिल्या दिवसापासून करा. पुढे अधिछात्रवृत्तीसाठी हीच फाईल कामाला येते.

२. विषय आणि प्रश्न यांत फरक करा

अनेक आराखड्यांवर विषय असतो, प्रश्न नसतो. 'मराठवाड्यातील बौद्ध स्त्रियांचे शिक्षण : एक अभ्यास' हा विषय झाला. यावर आयुष्यभर वाचता येईल, पण प्रबंध कुठे संपवायचा हे कळणार नाही. तोच विषय प्रश्नाच्या रूपात मांडू या. १९७८ मध्ये विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि १९९४ मध्ये नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांतील मुलींच्या शालेय शिक्षणात काय बदल झाला? आता काळ ठरला, माणसे ठरली आणि साधनेही दिसू लागली : शाळांची जनरल रजिस्टरे, त्या वेळच्या वृत्तपत्रांच्या फायली, आज पन्नाशी-साठीत असलेल्या स्त्रियांच्या मुलाखती.

चांगल्या प्रश्नाची कसोटी सोपी आहे. त्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत नसावे. उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध येण्याची शक्यता असावी. आणि ते चार वर्षांत, हाती असलेल्या पैशांत शोधता यावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हाला गरजेचे वाटते. महापुरुषांविषयीचा आदर आपल्या सर्वांच्या मनात आहे. परंतु गौरवग्रंथ वेगळा आणि प्रबंध वेगळा. 'बाबासाहेबांचे अमुक क्षेत्रातील योगदान' अशा शीर्षकाचे प्रबंध ढिगाने झाले आहेत आणि त्यातील अनेकांत तीच अवतरणे पुन्हा पुन्हा येतात. बाबासाहेबांना मानणाऱ्या संशोधकाने त्यांची संशोधनाची रीत उचलली पाहिजे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, प्रत्येकीत काय कमी पडते ते दाखवले आणि मग स्वतःचे म्हणणे मांडले. हीच संशोधनाची पायरी आहे : आधी कोणी काय म्हटले, त्यात काय सुटले, आणि मी काय दाखवणार.

३. वाचन व नोंदींची शिस्त

संशोधकाचे वाचन परीक्षेच्या वाचनाहून वेगळे असते. प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे नसते. आधी प्रस्तावना, अनुक्रमणिका, निष्कर्ष आणि संदर्भसूची पाहा. ते आपल्या प्रश्नाला लागू असेल तरच पूर्ण वाचा. प्रत्येक वाचनानंतर अर्ध्या पानाची नोंद करा : लेखकाचा मुद्दा काय, पुरावा कोणता, मला काय पटले, काय पटले नाही. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर त्यांना तिथेच अवतरणचिन्हे घाला आणि पृष्ठ क्रमांक लिहा. तीन वर्षांनी ते वाक्य आपले की लेखकाचे हे आठवत नाही, आणि उसनवारीचा आरोप बहुतेक वेळा येथूनच सुरू होतो.

मोफत साधनांचा पुरेपूर वापर करा. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर खुले आहेत. आपल्या विषयावर आधी काय झाले आहे हे तेथे पाहिल्याशिवाय आराखडा देऊ नका. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. संदर्भ जमवण्यासाठी 'झोटेरो' हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच महिन्यात शिका. ते शिकायला दोन दिवस लागतात आणि शेवटी दोन महिने वाचतात. मराठीत लिहीत असाल तर युनिकोडमध्येच टंकलेखन करा. जुन्या फाँटमधील मजकूर नंतर शोधता येत नाही आणि बदलून घेताना जोडाक्षरे बिघडतात. सगळ्या कामाच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा : संगणकावर, पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन.

४. मूळ साधनांपर्यंत जा

दुसऱ्याच्या पुस्तकातील अवतरण उचलून प्रबंध उभा राहत नाही. मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, पुण्याचे पेशवे दफ्तर, जिल्हा ग्रंथालये, जुन्या शिक्षणसंस्थांची कार्यालये येथे पुष्कळ कागद अजून कोणी पाहिलेले नाहीत. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) या पत्रांचे अंक मूळ स्वरूपात वाचा. अग्रलेखांवर थांबू नका. वाचकांची पत्रे, सभांची वृत्ते, वर्गणीदारांच्या याद्या, जाहिराती यांतून गावोगावची चळवळ दिसते.

आणि जिथे कागदच नाहीत, तिथे माणसांकडे जावे लागते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात हेच केले. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी तो इतिहास नोंदवला. ते काम वेळेत झाले नसते तर त्या आठवणी त्या स्त्रियांबरोबरच गेल्या असत्या. आपल्या वस्तीतील ऐंशी वर्षांच्या आजी आज आहेत. त्यांची मुलाखत पुढच्या वर्षावर ढकलू नका.

५. आपल्याच माणसांत क्षेत्रकार्य करताना

आपल्याच समाजात क्षेत्रकार्य करण्याचा फायदा आहे. दार उघडले जाते, बोली कळते. तोटाही आहे. 'तुला तर माहीतच आहे' म्हणून लोक अर्धी गोष्ट सांगतच नाहीत, आणि आपणही विचारत नाही. म्हणून 'मला काही माहीत नाही असे समजून सांगा' अशी विनंती करा.

मुलाखतीपूर्वी आपण कोण, माहिती कशासाठी हवी, ती कुठे छापली जाईल हे सांगून संमती घ्या. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी मागा. अत्याचार, कर्ज, आजारपण, घरातील भांडणे अशा विषयांत नावे व ओळख बदला. छोट्या गावात केवळ नाव बदलून भागत नाही. 'सरपंचपद भूषवलेली पहिली बौद्ध महिला' एवढे लिहिले तरी अख्ख्या तालुक्याला ती कोण हे कळते. आणि आपल्या समाजाविषयी न आवडणारे काही हाती आले, उदाहरणार्थ पोटजातींतील भेद किंवा घरातील स्त्रियांवरील बंधने, तर ते गाळू नका. पुराव्यासह, जबाबदारीने लिहा. हेच काम आपल्यापेक्षा दुसरा कोणी कमी समजुतीने करेल.

विज्ञान शाखेतील मित्रांसाठी क्षेत्रकार्याच्या जागी प्रयोगशाळा असते, पण शिस्त तीच. प्रयोगवही रोज, तारखेसह लिहा. फसलेले प्रयोगही नोंदवा. आकडेवारीचे विश्लेषण पैसे देऊन बाहेरून करून घेऊ नका. 'आर'सारखे मोफत सॉफ्टवेअर शिका. मौखिक परीक्षेत प्रश्न तुम्हाला विचारले जाणार आहेत, विश्लेषण करून देणाऱ्याला नाही.

६. मार्गदर्शकाबरोबर काम करणे

मार्गदर्शक निवडण्याची संधी असेल तर केवळ ओळखीवर जाऊ नका. त्यांचा अभ्यासविषय कोणता, त्यांच्या किती विद्यार्थ्यांनी किती वर्षांत पदवी मिळवली, ते निवृत्त कधी होणार, हे विचारा. भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन पाने लिखाण आणि तीन प्रश्न घेऊन जा. भेटीनंतर त्याच दिवशी 'आज ठरलेले मुद्दे असे' म्हणून छोटा ईमेल पाठवा. यामुळे विसरभोळेपणा टळतो आणि काय ठरले होते याची नोंदही राहते.

मार्गदर्शकाशी मतभेद होणे म्हणजे भांडण नव्हे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचे प्राध्यापक एडविन कॅनन होते. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच काही मुद्द्यांवर आपली असहमतीही नोंदवली. दोघांचाही मान त्यात कमी झाला नाही. त्याच वेळी, मार्गदर्शकांच्या घरची कामे करणे हा संशोधनाचा भाग नाही, हेही लक्षात असू द्या.

७. लिहिणे हे रोजचे काम

'आधी सगळे वाचून होऊ दे, मग लिहीन' या विचाराने सर्वाधिक प्रबंध रखडतात. पहिल्या वर्षापासून रोज तीनशे शब्द लिहा. ते वाईट असले तरी चालतील, कारण सुधारायला आधी काहीतरी कागदावर असावे लागते. इंग्रजीत लिहायचे असेल आणि शिक्षण मराठीत झाले असेल तर घाबरू नका. आधी मुद्दा मराठीत स्पष्ट करा, मग छोट्या वाक्यांत इंग्रजीत लिहा. प्रबंधात अवघड शब्दांपेक्षा स्वच्छ युक्तिवादाला किंमत असते. तीन-चार मित्रांचा गट करून महिन्यातून एकदा एकमेकांची प्रकरणे वाचा. विहारातील एक खोली आणि रविवारची सकाळ एवढे त्याला पुरते.

प्रबंध सुधारणेसाठी परत आला तर तो अपमान समजू नका. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंधही परीक्षकांनी सुधारून पुन्हा सादर करायला सांगितला होता. बाबासाहेबांनी तो सुधारला आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

८. उसनवारी आणि बनावट नियतकालिके

आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. शब्द बदलून सॉफ्टवेअरला चकवणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. कल्पना दुसऱ्याची असेल तर श्रेय द्यायचेच. चॅटजीपीटीसारखी साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके व लेख संदर्भ म्हणून देतात. स्वतः पाहिलेला नाही असा एकही संदर्भ प्रबंधात घालू नका.

प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आयोगाची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाची अट असू शकते, ती तपासा. आयोगाने आपली 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे नियतकालिकाची पारख आता आपल्यालाच करायची आहे. पैसे भरताच आठवड्यात लेख छापणारे, मेसेजवर जाहिरात करणारे नियतकालिक टाळा. अशा दहा लेखांपेक्षा चांगल्या नियतकालिकातील एक लेख पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडतो.

९. पैसा आणि वेळ

नेट-जेआरएफ मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व नंतर ४२,००० रुपये मिळतात. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती हे आणखी दोन मार्ग आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या योजना लागू झाल्या. मात्र त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. राज्याचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

अधिछात्रवृत्ती उशिरा येते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी तर विद्यार्थ्यांना उपोषणे करावी लागली. ती लढाई न्याय्य आहे. तरीही पहिली रक्कम हाती आली की निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले. अभ्यासात खंड पडला म्हणून अभ्यास संपला असे होत नाही.

वेळेचा प्रश्न कार्यकर्त्यांना जास्त भेडसावतो. जयंती, धम्म परिषद, मोर्चा, निवडणूक, कुणाचे पोलीस ठाण्यातले काम, सगळीकडे शिकलेला मुलगा किंवा मुलगी हवी असते. 'पीएच.डी. काय, होईल' असे म्हणत तीन वर्षे निघून जातात. आमचे मत असे की, सकाळचे चार तास कोणालाही देऊ नयेत. संघटनेतील ज्येष्ठांनीही ते मागू नयेत. पूर्ण झालेला प्रबंध हेही चळवळीचेच काम आहे, आणि ते अर्धे राहिले तर त्याचा उपयोग ना चळवळीला होतो ना घराला.

१०. अडचण आली तर

छळ, भेदभाव किंवा मुद्दाम अडवणूक होत असेल तर एकटे सहन करू नका. तारखा, संदेश, ईमेल जपून ठेवा. विद्यापीठातील एससी-एसटी कक्ष, समान संधी कक्ष, लैंगिक छळाबाबत अंतर्गत तक्रार समिती आणि आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार नेमलेले लोकपाल या ठिकाणी लेखी तक्रार करता येते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. झोप उडाली, जेवण तुटले, कोणाशी बोलावेसे वाटेना, तर डॉक्टरांकडे जा. घरच्यांना किंवा एखाद्या विश्वासू मित्राला सांगा. हे दुबळेपणाचे लक्षण नाही.

११. मौखिक परीक्षेची तयारी

प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात. त्यानंतर खुली मौखिक परीक्षा होते. तीन प्रश्नांची उत्तरे तोंडी तयार ठेवा : तुम्ही नवे काय दाखवले? याच पद्धतीने का दाखवले? यातून काय सिद्ध होत नाही? तिसऱ्या प्रश्नाला अडखळणारे अनेक असतात. आपल्या कामाच्या मर्यादा स्वतः सांगणारा संशोधक परीक्षकांना अधिक विश्वासार्ह वाटतो. दुसऱ्यांच्या मौखिक परीक्षांना जाऊन बसा. त्या खुल्या असतात आणि फुकट शिकवतात.

पहिल्या वर्षाची कामे

नोंदणी नुकतीच झाली असेल तर या वर्षात एवढे करा : अध्यादेश वाचा. 'शोधगंगा'वरील आपल्या विषयाचे दहा प्रबंध चाळा. झोटेरो आणि युनिकोड टंकलेखन शिका. आपला प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. एका ग्रंथपालाशी आणि एका पुराभिलेखागारातील कर्मचाऱ्याशी ओळख करा. वाचनगट सुरू करा. केंद्राच्या नमुन्यातील दाखला काढा.

ज्यांची पदवी झाली आहे, त्यांनाही आमची एक विनंती आहे. आपला आराखडा, अधिछात्रवृत्तीच्या अर्जाची प्रत, परीक्षकांचे अहवाल आपल्या तालुक्यातील पुढच्या विद्यार्थ्याला दाखवा. जे इतरांना घरी मिळते, ते आपल्या मुलांना आपल्याकडूनच मिळायचे आहे.

जय भीम!